बाल्कनी आत घेतली, ऊनही आत आलं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाची ही लेखी प्रत. बोलताना येणारे ‘म्हणजे’ आणि ‘बेसिकली’ शक्य तितके काढलेत. काही राहिले असतील.

आजचा विषय आहे भिंत. बिल्डिंगची बाहेरची भिंत, तिच्यातल्या खिडक्या, छज्जे, बाल्कन्या, वरचा रंग, सगळं मिळून. आर्किटेक्ट त्याला फसाड म्हणतात. आणि प्रश्न असा आहे की बिल्डिंग बांधून वीस-पंचवीस वर्षं झालीत, माणसं राहतायत, पाडायची तर नाहीये. मग बाहेरून काय बदललं म्हणजे आतल्या घरांना वीज कमी लागेल?

मी सॉफ्टवेअरवाला आहे, सिव्हिलचा नाही, हे आधीच सांगतो. पुण्यात ज्या सोसायटीत मी भाड्याने राहतो तिथे यंदा बाहेरून रंगकाम निघालंय. सेक्रेटरी काका म्हणाले, “अरे, तू इंजिनिअर ना? मग रंगाचा आणि उन्हाचा काही हिशेब असेल तर करून दे की.” मी म्हटलं, “काका, मी कोड लिहितो.” त्यावर ते म्हणाले, “हिशेब तो हिशेब.” तर आज बोलणार आहे ते या हिशेबाबद्दल. सूत्रं सगळी पाठ्यपुस्तकातली आहेत, आकडे मी स्प्रेडशीटमध्ये टाकले एवढंच.

सुरुवात सूर्यापासून करू. पुण्यात मे महिन्याच्या १३-१४ तारखेच्या सुमारास शून्य सावली दिवस असतो. भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, उभ्या काठीची सावली पडत नाही. शाळेतली मुलं गच्चीत बाटल्या मांडून फोटो काढतात तोच दिवस. आता त्या दिवशी बिल्डिंगच्या चार भिंतींचं काय होतं बघा. दक्षिणेच्या भिंतीवर थेट ऊन जवळजवळ पडतच नाही. आपल्याकडे ‘दक्षिणेचं ऊन’ म्हणून घाबरवतात, पण ते हिवाळ्यातलं, आणि हिवाळ्यात ते हवंसंच वाटतं. उन्हाळ्यात मार खातात तीन जागा: गच्ची, पूर्वेची भिंत आणि पश्चिमेची भिंत. पूर्वेचं निदान सकाळी असतं, हवा अजून गार असते. पश्चिमेला ऊन येतं ते हवा सगळ्यात तापलेली असताना. त्यामुळे अख्ख्या बिल्डिंगला सारखं काहीतरी करण्यात अर्थ नाही, पैसे आणि डोकं पश्चिमेला आणि गच्चीला लावायचं.

आणि पश्चिमेला छज्जा फारसा उपयोगी नाही. हे मला आकडा बघेपर्यंत खरं वाटत नव्हतं. मेच्या मध्यावर पुण्यात दुपारी चार वाजता सूर्य क्षितिजाच्या साधारण ४० अंश वर असतो. दीड फुटाचा छज्जा असेल तर त्याची सावली खाली सव्वा फूट उतरते. खिडकी चार फुटी असेल तर जेमतेम तिसरा हिस्सा झाकला गेला. पाच वाजता सूर्य २७ अंशांवर येतो, सावली नऊ इंच. बाकीची सगळी काच उन्हात.

बरं, काचेतून आत किती उष्णता येते? तापलेल्या दुपारी पश्चिमेच्या उभ्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला ६०० वॅट धरायला हरकत नाही. साधी काच त्यातली ८० टक्के आत सोडते. चार बाय चारची खिडकी म्हणजे सुमारे दीड चौरस मीटर, म्हणजे ७०० वॅट. खिडकीत एक इस्त्री चालू करून ठेवल्यासारखं आहे. हॉलला सहा बाय सातची स्लायडिंगची फ्रेंच विंडो असेल तर १,८०० वॅटच्या पुढे, म्हणजे जवळजवळ एक गीझर. एक टनाचा एसी खोलीतून साधारण ३,५०० वॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे त्याची अर्ध्याहून जास्त ताकद त्या एका स्लायडिंगशी भांडण्यात जाते.

भिंतीचं काय? नऊ इंची विटेची प्लास्टर केलेली भिंत, गडद रंग, बाहेर ३८ डिग्री. ऊन शोषून त्या भिंतीचा बाहेरचा पृष्ठभाग असा वागतो जणू बाहेरची हवा ५९-६० डिग्री आहे. आत २७ धरली तर दर चौरस मीटरमधून ६०-६५ वॅट आत येतात. तीच भिंत फिकट रंगाची असेल तर ४०. आणि काच? ४८०. म्हणजे एक चौरस मीटर काच ही सात चौरस मीटर गडद भिंतीच्या बरोबरीची आहे. हे सरळसोट गणित आहे. भिंत उष्णता साठवते, त्यामुळे प्रत्यक्षात तिचा जोर थोडा बोथट होतो आणि उशिरा येतो.

हा ‘उशिरा’ मात्र महत्त्वाचा आहे. विटेच्या नऊ इंची भिंतीतून उष्णता आत पोचायला सहा-सात तास लागतात. दुपारी चारला तापलेली भिंत रात्री दहा-अकराला बेडरूममध्ये ऊब सोडते. पश्चिमेला बेडरूम असेल तर आज रात्री झोपायच्या आधी भिंतीला आतून हात लावून बघा. बाहेर वारा गार झालेला असतो, पुण्याचं ते सुख आहे, एप्रिलमध्ये दिवसा ३८-४० असलं तरी पहाटे २०-२२ पर्यंत उतरतं. पण भिंत अजून दुपारीच असते. नव्या टॉवरमध्ये तर विटाच नाहीत. मायव्हान शटरिंगचं सगळं काँक्रीट, सहा इंची. त्यातून उष्णता विटेच्या दीडपट-पावणेदोनपट वेगाने येते. एएसी ब्लॉकची भिंत असेल तर तुम्ही नशीबवान, ती विटेच्या निम्म्याहून कमी उष्णता सोडते.

आता येतो मुख्य मुद्द्यावर. पुण्या-मुंबईतल्या सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बिल्डिंगा आठवा. प्रत्येक घराला चार-पाच फुटांची बाल्कनी, तिच्या मागे दार, दाराला लाकडी किंवा झिलमिल्यांची फळी. पाच फुटी बाल्कनीची वरची स्लॅब म्हणजे पाच फुटी छज्जा. वरच्याच हिशेबाने दुपारी चार वाजता तिची सावली सव्वाचार फूट खाली येते, सात फुटी दाराचा साठ टक्के भाग सावलीत. वर कठड्याने खालचा थोडा भाग झाकला. कुणी चिक सोडला असेल तर राहिलेलंही गेलं. ही बाल्कनी म्हणजे ऊर्जा वाचवणारं यंत्र होतं, फक्त तसं कुणी म्हणत नव्हतं. आपण तिथे कपडे वाळत घालायचो.

मग आपण ती आत घेतली. सगळ्यांनीच. आधी घरमालक स्वतः ग्रिल आणि स्लायडिंग लावून घ्यायचे, पुढे बिल्डरच महापालिकेला प्रीमियम भरून बाल्कनी खोलीत मिळवून द्यायला लागले. कारण समजण्यासारखं आहे. वन बीएचकेमध्ये पाच माणसं, मुलगा दहावीला, त्याला टेबल ठेवायला जागा कुठे? पन्नास चौरस फूट म्हणजे पन्नास चौरस फूट. मी कुणाला नावं ठेवत नाहीये. पण त्या पन्नास फुटांसोबत काच पाच फूट पुढे सरकली, सावलीतून उन्हात आली. आणि त्या खोलीत एसी बसला. या दोन गोष्टींचा संबंध आपण लावत नाही, कारण मधे दहा-पंधरा वर्षं जातात.

याच्या बरोबर उलट केलेलं एक उदाहरण पॅरिसमध्ये आहे. तूर ब्वा-ल-प्रेत्र नावाचा टॉवर, पन्नास मीटर उंच, १९६० च्या आसपास बांधलेला, शंभराच्या आसपास सरकारी भाड्याची घरं. आधी एकदा त्याला उष्णतारोधक पॅनल लावून, खिडक्या लहान करून ‘सुधारलं’ होतं. घरं अंधारी झाली. पुढे पाडायची चर्चा होती. त्याऐवजी फ्रेदेरिक द्रुओ, अ‍ॅन लाकातों आणि ज्याँ-फिलिप वासाल या आर्किटेक्टांनी ते पॅनल काढले आणि प्रत्येक घरासमोर बाहेरून एक नवा सांगाडा उभा केला: दोन मीटरची काचेची बंद गॅलरी आणि तिच्यापुढे एक मीटरची उघडी बाल्कनी. मधल्या काचा सरकवता येतात, आतून जाड पडदे. २०११ मध्ये काम संपलं. भाडेकरू काम चालू असताना आतच राहिले. घर मोठं झालं आणि गरम ठेवायला लागणारी ऊर्जा निम्म्यावर आली. २०२१ मध्ये लाकातों आणि वासाल यांना प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला.

त्यांची अडचण थंडी आहे, आपली ऊन, त्यामुळे तो सांगाडा उचलून कोथरूडला आणायचा नाही. पण मला त्यातला विचार आवडला. वीज वाचवायला त्यांनी भिंत जाड केली नाही, भिंत आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये एक जागा तयार केली. तीच जागा, जी आपण हॉलमध्ये मिळवून टाकली.

दुसरं उदाहरण नेदरलँड्सचं, आणि हे आमच्या लाइनच्या लोकांना जास्त आवडेल. एनर्जीस्प्रोंग, म्हणजे ऊर्जेची उडी. तिथल्या जुन्या एकसारख्या रांगेतल्या घरांचं लेझर स्कॅनिंग करतात, त्या मापावर कारखान्यात अख्खी दर्शनी भिंत बनवतात, खिडक्या-दारं बसवून. ट्रकवर येते, क्रेनने जुन्या भिंतीवर चढवतात. छतावर सोलर, मागे हीट पंप. आठवडाभरात काम होतं, लोकांना घर सोडावं लागत नाही. पैशाचं गणित असं की भाडेकरू जे वीज-गॅसचं बिल भरत होता साधारण तेवढीच रक्कम तो आता घरं चालवणाऱ्या संस्थेला देतो आणि त्यातून खर्च भरून निघतो. फार सुंदर डिझाइन आहे. पण दोन गोष्टी लागतात: हजारो एकसारखी घरं, आणि सगळ्यांचा मालक एकच. आपल्या सोसायटीत एका मजल्यावर चार मालक आणि चार प्रकारची ग्रिलं.

आणि तिसरं उदाहरण सांगितल्याशिवाय हा विषय बोलूच नये. लंडनचा ग्रेनफेल टॉवर. २४ मजले, १९७४ ला पूर्ण झालेला. २०१६ मध्ये त्याचं बाहेरून नूतनीकरण संपलं. घरं उबदार व्हावीत म्हणून उष्णतारोधक फोम आणि त्यावर दिसायला छान असे अ‍ॅल्युमिनियमचे पॅनल, ज्यांच्या पोटात पॉलिथिलीन होतं. १४ जून २०१७ च्या मध्यरात्री एका घरातल्या फ्रिजपाशी आग लागली, खिडकीतून बाहेरच्या पॅनलना लागली आणि काही मिनिटांत बाहेरूनच वर चढली. ७२ माणसं गेली. हे पॅनल आपल्याला अनोळखी नाहीत, एसीपी म्हणून गावोगावच्या शोरूमना, हॉस्पिटलना, मॉलना लावलेले असतात. आतला गाभा कसला आहे ते बाहेरून दिसत नाही. तेव्हा सोसायटीत कुणी कॉन्ट्रॅक्टर ‘सर, रंगाऐवजी एसीपी मारून टाकू, लुक पण येईल, हीट पण कमी’ म्हणाला तर माझं उत्तर साफ नाही असं आहे. राहत्या उंच बिल्डिंगला जळू शकेल असं काही बाहेरून गुंडाळायचं नाही. हे ऊर्जेच्या कुठल्याही आकड्याच्या वर आहे.

थर्मोकोलसारखे इन्सुलेशनचे थर बाहेरून लावण्याबद्दल मला विचारलं गेलं. पन्नास मिलिमीटरचा थर विटेच्या भिंतीतून येणारी उष्णता चौथ्या हिश्श्यावर आणतो, कागदावर भारी आहे. पण पुण्यात रात्र गार असते आणि खिडक्या उघड्या टाकून घर थंड करता येतं. शिवाय सगळी मारामारी काचेतून होत असताना भिंतीला स्वेटर घालण्यात मतलब नाही. नागपूर-चंद्रपूरचं वेगळं आहे. तिथे मेमध्ये दिवस ४२-४३ च्या पुढे आणि रात्रही २८ च्या खाली उतरायला तयार नाही, तिथे गच्ची आणि भिंत दोन्हीला इन्सुलेशन, तेही न जळणारं, हा गंभीर विचार आहे. मुंबईत पुन्हा वेगळं. रात्र २७-२८ आणि दमट, तिथे सावली आणि वाऱ्याचा रस्ता. एकच पॅकेज महाराष्ट्रभर विकणाऱ्याकडून काही घेऊ नका.

सरकारी नियमाचं थोडक्यात. केंद्राने डिसेंबर २०१८ मध्ये इको-निवास संहिता आणली. त्यात राहत्या इमारतीच्या भिंती-खिडक्यांमधून सरासरी किती उष्णता आत यावी याची मर्यादा आहे, दर चौरस मीटरला १५ वॅट, आणि गच्चीसाठी वेगळी. चांगली गोष्ट आहे. पण ती नव्या इमारतींसाठी. ज्या बिल्डिंगांमध्ये तुम्ही-मी आज राहतोय त्यांना ती लागू नाही.

म्हणून संधी एकच राहते, रंगकाम. सात-आठ वर्षांतून एकदा सोसायटी मेजर रिपेअर फंड फोडते, परांची उभी राहते किंवा गच्चीवरून झुले सुटतात, माणसं प्रत्येक खिडकीपर्यंत पोचतात. दहाव्या मजल्याच्या खिडकीबाहेर माणूस पोचवणं हाच मोठा खर्च असतो. तो एरवी कुणा एकाला परवडत नाही. आणि कायद्याने बाहेरची भिंत सोसायटीची, आतली बाजू फ्लॅटवाल्याची. ऊन मात्र आतल्यालाच लागतं. त्यामुळे जे करायचं ते परांची उतरायच्या आत.

मग टेंडरमध्ये काय टाकायचं? पहिलं, रंगाची शेड. याला जास्तीचा एक रुपया लागत नाही. पश्चिमेची आणि पूर्वेची भिंत फिकट. शेड कार्डवर मागे एलआरव्ही नावाचा आकडा असतो, शेड किती प्रकाश परत फेकते त्याचा, तो ७० च्या पुढे हवा. आमच्याकडे चॉकलेटी पट्ट्यांची टूम आहे. एका काकूंचं म्हणणं पडलं की पांढरं दोन पावसाळ्यांत काळं होतं, घाण दिसतं. काकूंचं खरं आहे, कोकण-मुंबईत तर शेवाळ धरून भिंत काळी होते आणि काळी झाली की फायदाही जातो. त्यावर उपाय म्हणजे बुरशीरोधक रंग, आणि मुळात पाणी भिंतीवरून ओघळू नये म्हणून छज्जाला पागोळीची खाच. चॉकलेटी हौस असेल तर जिन्याच्या बाजूला, उत्तरेला करा की.

दुसरं, गच्ची. ब्रिकबॅट कोबा जुना झाला असेल आणि दुरुस्ती निघालीच असेल तर वर पांढरा चायना मोझेक. आपल्या गवंड्यांना तो झोपेत येतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना याचा जेवढा फरक पडतो तेवढा बाकी कशाचा नाही.

तिसरं, पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून सावली. ‘बाहेरून’ यावर माझा जोर आहे. आतला पडदा ऊन अडवतो, पण तोवर ऊन काचेच्या आत आलेलं असतं. पडदा तापतो, ती उष्णता काचेतून परत जात नाही, खोलीतच फिरते. पडदा काचेच्या बाहेर असेल तर ती वाऱ्यावर जाते. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांची चौकट, बिजागरीवर उघडणारी. बिजागरी यासाठी की आग लागली तर खिडकीतून बाहेर पडता आलं पाहिजे, आणि काच पुसता आली पाहिजे. वरच्या मजल्यांवर वाऱ्याचा जोर मोठा असतो, त्यामुळे खिळे ठोकून चालणार नाही, काँक्रीटमध्ये अँकर बसवायला हवेत आणि ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून.

यावर पहिला आक्षेप आला तो कबुतरांचा. आणि तो अजिबात हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पट्ट्यांच्या मागे सपाट जागा ठेवली की कबुतरं घरटं करणारच. पट्टी तिरकी, काचेपासून अंतर एकतर चार बोटं किंवा सरळ दीड फूट, मधलं नको, असं एका फॅब्रिकेटरने सांगितलं. मला हे कुठल्याच सूत्रात सापडलं नसतं.

दुसरा आक्षेप: ‘ज्याच्या घरात ऊन त्याने स्वतः लावावं, पूर्वेच्या विंगने का पैसे द्यायचे?’ इथे पैशाचं खरं बोलायला हवं. एका चार बाय चारच्या खिडकीवर बाहेरून सावली केली, ७०० पैकी ५०० वॅट अडवले, एसी त्यासाठी जी वीज खात होता ती साधारण १४० वॅट. रोज तीन तास, वर्षातले शंभर दिवस: ४२ युनिट. युनिटला १० रुपये धरा, ४२० रुपये. वर्षाचे. अ‍ॅल्युमिनियमची चौकट त्यातून फिटायला किती वर्षं लागतील ते तुम्हीच करा. फ्रेंच विंडोला हजार-अकराशे निघतात, जरा बरं. नुसत्या बिलावर हा हिशेब बसत नाही, आणि जो बसतो म्हणून सांगेल त्याने बहुतेक एसी चोवीस तास चालवलाय.

पण बिल हा हिशेबाचा एक कोपरा झाला. आमच्या विंगमध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. एसी नाही, घ्यायचा विचारही नाही. त्यांच्या बिलात वाचवण्यासारखं काही नाहीच, कारण त्या वीज वापरतच नाहीत, त्या उकाडा सहन करतात. एप्रिल-मेमध्ये दुपारभर खालच्या पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसतात. माझ्या स्प्रेडशीटमध्ये त्यांच्या ओळीत शून्य येतं, म्हणजे त्यांच्या घरावर खर्च करून ‘फायदा’ शून्य. घर १५ टक्के गार झालं काय नि नाही काय, युनिट तेवढेच. मी ती ओळ तशीच ठेवली आणि शेजारी दुसरा कॉलम केला, घरात येणाऱ्या उष्णतेचा. त्यात त्या सगळ्यांच्या वर आहेत.

आणि आणखी एक. एसी नसलेल्या घरात पश्चिमेची खिडकी झाकली गेली तर कदाचित तिथे एसी लागणारच नाही. ते तीस-चाळीस हजार वाचले. शिवाय प्रत्येक नवीन एसीचं आउटडोअर युनिट त्याच पश्चिमेच्या भिंतीवर बसतं आणि खोलीतून काढलेली उष्णता अधिक स्वतः खाल्लेली वीज, म्हणजे एक टनाला साधारण साडेचार हजार वॅट, वरच्या मजल्याच्या खिडकीखाली फेकतं. खालच्याने एसी घेतला म्हणून वरच्याने घेतला, असं आमच्या एका रांगेत सात मजल्यांत घडलंय. तेव्हा ‘ज्याचं ऊन त्याचं’ हे बोलायला सोपं आहे, पण उष्णता फ्लॅट नंबर बघत नाही.

भाडेकरूंचा पेच वेगळाच. मी बिल भरतो, मत घरमालकाला. घरमालक दुसऱ्या गावी राहतात, त्यांच्यासाठी चौकट हा निव्वळ खर्च. मी त्यांना फोन केला. म्हणाले, “अरे, तू दोन वर्षांनी जाशील, चौकट माझ्या गळ्यात.” मी म्हटलं, “काका, मी गेलो तरी ऊन इथेच राहणार.” हसले, पण हो म्हणाले नाहीत. सध्या कमिटीत तडजोड अशी चाललीय की अँकर आणि ब्रॅकेट सगळ्या पश्चिमेच्या खिडक्यांना सोसायटीच्या खर्चाने, परांची असतानाच. चौकट ज्याला हवी त्याने नंतर, पण एकाच डिझाइनची आणि एकाच रंगाची. गच्चीचा चायना मोझेक मात्र सामायिक, त्यावर वाद झाला नाही. मला ही तडजोड पटते. महाग आणि अवघड भाग एकदाच होतो, आणि आज नाही म्हणणारा पाच वर्षांनी आतूनही चौकट अडकवू शकतो.

ज्यांच्या सोसायटीत यातलं काहीच निघालेलं नाही आणि जे माझ्यासारखे भाड्याने राहतात त्यांच्यासाठी शेवटचं. नर्सरीवाले आणि पॉलिहाऊसवाले जी शेडनेट वापरतात ती मीटरवर मिळते, पन्नास टक्के आणि पंच्याहत्तर टक्के अशा प्रकारात. पश्चिमेच्या खिडकीला बाहेर ग्रिल असेल तर पंच्याहत्तरची नेट ग्रिलच्या बाहेरच्या बाजूने बांधा, काचेला चिकटवू नका, मधे वारा खेळला पाहिजे. हिरवीच हवी असं नाही, पांढरीही मिळते आणि कमिटी पांढऱ्यावर कमी कुरकुर करते. केबल टायने बांधू नका, उन्हात वर्षभरात तुटतात. सुतळी किंवा तांब्याची तार घ्या आणि गाठ सुटेल अशी मारा. वळवाचं आभाळ आलं की नेट सोडून घ्यायची, नाहीतर वाऱ्यात तिचं शीड होतं आणि ग्रिल हलायला लागतं.